दीडशे रिकाम्या बाटल्या

छत्रपती संभाजीनगरला जाऊन आले असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "वेरूळ पाहिलं का?" दुसरा येतो, "हिमरू शाल आणली का?" दोन्हींचं उत्तर नाही असं आलं की समोरच्याचा चेहरा पडतो. चार दिवस त्या गावात राहून मी पाहिलं काय, तर निळे ड्रम. गच्चीवर ड्रम, जिन्याखाली ड्रम, दारात रांगोळीच्या शेजारी ड्रम. तरीही आजवरच्या प्रवासांपैकी हाच सांगावासा वाटतो.

आधी माझी ओळख करून देते. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी भेटवस्तूंची कोठी सांभाळते. हा प्रकार अनेकांना माहीत नसतो. आमची कंपनी जे सॉफ्टवेअर बनवते ते इतर प्रोग्रामर मंडळींनी वापरावं म्हणून ती गावोगाव त्यांचे मेळावे भरवते. मेळाव्यात थोडं शिकवणं असतं, थोडं स्वतःचं कौतुक असतं, जेवण असतं आणि निघताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी फुकट ठेवायचं असतं. टी-शर्ट, स्टिकर, पिशवी, पेन, मोजे. हो, मोजेसुद्धा. सगळ्यांवर कंपनीचं नाव. हा सगळा माल माझ्या ताब्यात, म्हणून ऑफिसात मला कोठीकाकू म्हणतात. प्रोग्रामिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण सभागृहाच्या दारात उभी राहून एक्स्ट्रा लार्ज किती लागतील ते मी बिनचूक सांगते.

एरवी मी खोकी पाठवते, स्वतः जात नाही. त्या वेळी गेले ते वर्षामुळे.

वर्षा पडेगावात राहणारी, वय सव्वीस, व्यवसायाने प्रोग्रामर. शहरातल्या प्रोग्रामर मुलामुलींना दर महिन्याला एकत्र जमवायची. तिने आमच्या साहेबांना पत्र लिहिलं होतं. आमच्याकडची मुलं शिकून तयार झाली की तुमच्याकडे पुण्याला येतात, त्यापेक्षा तुम्हीच सहा जणांची एक तुकडी इथे का बसवत नाही, असं तिचं म्हणणं. खाली एक ओळ होती: "मला पुण्यात दुसरीकडे नोकरी मिळाली आहे आणि दोन महिन्यांत हजर व्हायचं आहे. आई अंगणवाडीत आहे, ती इथून हलू शकत नाही. आम्ही दोघीच आहोत. सहा खुर्च्या इथे मिळाल्या तर मला जावं लागणार नाही." आमच्या ऑफिसात इतकं सरळ कोणी लिहीत नाही.

साहेबांना दोन शंका होत्या. त्या गावात तितकी माणसं आहेत का, ही पहिली. दुसरी पाण्याची. दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष होतं आणि तिथल्या नळांच्या बातम्या रोज पेपरात होत्या.

"नोंदणीच्या यादीवर माझा विश्वास नाही," साहेब मला म्हणाले. "फुकट असलं की लोक नाव देतात आणि येत नाहीत. काकू, तुम्ही स्वतः जा. माणशी एक बाटली द्या आणि परत आल्यावर किती उरल्या ते सांगा. शंभर गेल्या असतील तर पुढचं बोलू."

बाटल्या म्हणजे स्टीलच्या, पाण्याच्या, बाहेरून कंपनीचं नाव कोरलेल्या. मोजून दीडशे.

आता माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. वर्षाने मेळाव्यासाठी रविवार मागितला होता. शनिवारी शहराच्या बऱ्याच भागात पाण्याचा दिवस आहे, असं तिने लिहिलं होतं. आणि त्या रविवारी पुण्यात माझ्या भाचीचं डोहाळजेवण होतं. माझं माहेर चिपळूणचं. पाण्याबद्दल लहानपणी आम्हाला एकच काळजी असायची, घरात शिरलेलं बाहेर कसं काढायचं ही. नळाला पाणी येतं म्हणून कोणी कार्यक्रम बदलतं का, असं मनात म्हणत मी शनिवार कळवून टाकला. तिने पुन्हा विनंती केली, तेव्हा सभागृह शनिवारीच मोकळं आहे असं ठोकून दिलं. हे खोटं होतं. सभागृह रविवारीही मोकळं होतं.

गुरुवार, वाळूजमार्गे

गाडी लतीफभाईंची. ते मूळचे तिथलेच, केस पांढरे, शर्ट त्याहून पांढरा. मागे खोकी, मध्ये मी आणि निखिल. निखिल म्हणजे आमचा इंजिनिअर, शनिवारी व्याख्यान देणार होता. तो शिरूरच्या आधी झोपला आणि नेवाशाला चहासाठी उठला.

नगर सोडलं तसा हिरवा रंग संपला. एका ठिकाणी मोसंबीची बाग जागच्या जागी वाळून उभी होती, फांद्यांसकट, जळणाला ठेवल्यासारखी. पुढे एका चारा छावणीत गुरं सावलीच्या कापडाखाली खाली मान घालून उभी होती. समोरून टँकर येत होते आणि प्रत्येक टँकरमागे रस्त्यावर पाण्याची एक बारीक ओळ उमटलेली दिसे. लतीफभाई त्या ओळीकडे बघून दर वेळी चुकचुकत.

मग वाळूज आलं आणि चित्र एकदम पालटलं. कारखान्यांची पाळी सुटली होती. बसमागून बस, मोटारसायकलींचा लोंढा, हेल्मेटला डबा अडकवलेली माणसं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारती चढत होत्या. त्यांच्या जाहिरातींचे फलक मी वाचत होते. पुण्यात अशा फलकावर पोहण्याचा तलाव असतो. इथे भल्या मोठ्या अक्षरांत "बोअरला भरपूर पाणी" आणि खाली बारीक अक्षरांत किती खोल्या ते.

"मॅडम, इदर फ्लॅट नै बिकता," लतीफभाई म्हणाले. "पानी बिकता. फ्लॅट साथ में देते."

मी हसले. दुष्काळात शहर वाढतं कसं, हा प्रश्न मला पडला होता. तो मी लतीफभाईंना विचारला तर म्हणाले, "गाव में पानी नै तो आदमी कां जाएगा? इदरीच आएगा ना." एवढं साधं उत्तर मला सुचलं नव्हतं.

शुक्रवार, पडेगाव

सभागृहाची किल्ली शनिवारी मिळणार होती, म्हणून खोकी एक दिवस वर्षाच्या घरी उतरवायची ठरली. दौलताबादच्या रस्त्याला लागून आत गल्ली, गल्लीत दोन खोल्यांचं घर. वर्षा दारातच उभी होती. उंच, सावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. मेलमध्ये तिची भाषा पुस्तकी असे, घरात मात्र ती तिथलंच बोलत होती.

"या काकू. बसा की. आई, पाहुण्या आल्यात."

तिच्या आईचं नाव मंदाबाई. माहेर कन्नडजवळचं, शेतकऱ्याचं. वर्षाचे वडील ती शाळेत असतानाच गेले. बाईंनी अंगणवाडीच्या नोकरीवर मुलीला इंजिनिअर केलं होतं, आणि त्याबद्दल तीन दिवसांत एक शब्द बोलल्या नाहीत.

खायला सुशीला होती. आमच्याकडे हा पदार्थ नाही, तर सांगते. मुरमुरे भिजवून पिळायचे आणि पोह्यांसारखे फोडणीला घालायचे, वर भरपूर शेंगदाण्याचा कूट. मी दोनदा घेतली. आधी पाण्याचा पेला आला होता, काठोकाठ भरलेला. मी सवयीने अर्धा प्यायले आणि खाली ठेवला. मंदाबाईंनी थोड्या वेळाने तो उचलला, उरलेलं पाणी दारातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं आणि काहीच न झाल्यासारख्या परत येऊन बसल्या. कोणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की उरलेली सुशीला मी बशीतून नजर न उचलता संपवली.

त्यांच्याकडे तीन ड्रम. एक पिण्याचा, एक वापरायचा आणि एक धुण्याभांड्यांच्या पाण्याचा. तिसऱ्यातलं पाणी गाळून फरशीला आणि मग कुंडीला. या वस्तीत टँकर येई, शहरात नळ. नळ अनेक दिवसांनी एकदा सुटे. त्या दिवशी घरातल्या धडधाकट माणसाने घरी थांबायचं असा नेमच होता. लग्नाची तारीखसुद्धा पाण्याचा दिवस बघून काढतात, असं वर्षा सांगत होती. पाणी पहाटे आलं तर नऊपर्यंत सगळे मोकळे, पण उशिरा आलं तर दुपार. मी मान हलवत होते आणि मनात शनिवारचे तास मोजत होते.

तेवढ्यात मंदाबाईंनी एक खोकं उघडून बाटली हातात घेतली. झाकण काढून आत बघितलं, मग बाहेरचं नाव वाचलं.

"हे कुनाचं नाव?"

"आमच्या कंपनीचं."

"म्हंजी आहेरच की हा. नाव घालून भांडं द्यायचं म्हणल्यावर आहेरच झाला." त्यांनी बाटली उलटी करून हलवली. "अन् ही अशीच देनार? रिकामी?"

"रिकामीच असते," मी म्हणाले.

"आमच्यात रिकामं भांडं देत नसतेत, ताई. शेजारनीची वाटी असली तरी परत देताना चिमूटभर साखर टाकतो आपन."

नियम मला काही नवा नव्हता. चिपळूणला आई शेजारचं पातेलं परत करताना त्यात दोन आमसुलं तरी टाकायचीच. पण पंधरा वर्षं मी खोक्यांनी भांडी वाटत होते, डबे, मग, बाटल्या, आणि हा नियम त्यांनाही लागू होतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"फुटाणे भरू या," मी म्हटलं.

"पाण्याच्या बाटलीत फुटाणे?" वर्षा म्हणाली. "पाणीच पाहिजे, काकू. साधारण अर्धा ड्रम लागंल."

तिघींनी पिण्याच्या ड्रमकडे पाहिलं. तळाशी वीतभर पाणी होतं. टँकर सोमवारी येणार होता. विषय तिथेच राहिला.

शनिवार, सभागृह

एका इंजिनिअरिंग कॉलेजचं सभागृह, दीडशे खुर्च्या. दहाचा कार्यक्रम. मी सव्वानऊला दारात टेबल मांडून बाटल्यांची रास लावली. उन्हात ती चमकत होती. दहा वाजले तेव्हा आत चौतीस माणसं होती. त्यातली निम्मी कन्नड-सिल्लोडकडून पहाटेच्या एसटीने आलेली मुलं, बाकीची कॉलेजच्या वसतिगृहातली. शहरातलं जवळजवळ कोणी नाही.

साडेदहालाही चौतीसच.

लतीफभाई बाहेरून फोनवर बोलत आले. "मॅडम, घर से फोन था. पानी अब्बी छूटा बोलते. आज कौन आएगा?"

निखिलने व्याख्यान सुरू केलं. रिकाम्या खुर्च्यांवरून त्याचा आवाज परत येत होता. वर्षा मागच्या भिंतीला टेकून उभी होती, हातात नोंदणीची यादी. तिचा चेहरा मी लांबून बघत होते. पोरीने मला दोनदा लिहून सांगितलं होतं. एका डोहाळजेवणासाठी मी तिला तिचं गाव सोडायला लावत होते, असं त्या क्षणी मला वाटलं आणि ते खरंच होतं.

माझ्याकडे एक उपाय होता आणि तो मी लगेच काढला. तिला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, या चौतीस जणांना माणशी चार-चार बाटल्या देऊन टाकू. भावाला, मित्राला, कोणालाही देऊ दे. मी साहेबांना फक्त उरल्या किती ते सांगायचं आहे. विचारणार कोण आहे?"

तिने क्षणभर विचार केला. केला नाही असं मी म्हणणार नाही. मग म्हणाली, "नको काकू. रिकामी बाटली अन् खोटा आकडा, दोन्ही नाय द्यायचं."

आणि तिथेच उभ्या उभ्या ती फोनवर लिहायला लागली. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं: "सगळ्यांनी आधी पाणी भरून घ्या. घाई करू नका. कार्यक्रम दोन वाजता परत पहिल्यापासून होईल. येताना घरचं पाणी आणा, तांब्याभर पुरे. पाहुण्यांनी बाटल्या आणल्यात, भरायच्या आपल्याला आहेत."

दोन वाजता आम्ही पुण्याला परत निघणार होतो, आता रात्रीचा मुक्काम इथेच करावा लागणार होता. मी बहिणीला फोन करून सांगितलं की उद्या जमणार नाही. ती फार रागावली आणि तिचं बरोबर होतं. मग निखिलला सांगितलं की तेच सगळं पुन्हा बोलायचं आहे. तो म्हणाला, "एवढं मोठं व्याख्यान दोनदा? मग जेवण तरी चांगलं हवं." लतीफभाई जुन्या शहरात जाऊन त्याच्यासाठी नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, घेऊन आले. मी शाकाहारी, त्यामुळे चव सांगू शकत नाही, पण त्यानंतर निखिल दिवसभर कोणालाच नाही म्हणाला नाही.

पावणेदोनला फाटकाशी एक मुलगा दिसला. पँट घोट्यांपर्यंत दुमडलेली, कडा ओल्या, हातात दुधाची किटली. "लेट झाला. आमच्यात आजच पाणी आलंय," म्हणाला आणि किटली टेबलावर ठेवली. त्याच्यामागे दोघी बहिणी पाच लिटरचा कॅन दोन्हीकडून धरून आल्या. एका मुलीने प्रेशर कुकर आणला होता, शिट्टीसकट. "रिक्षात सांडत नाय," तिने स्पष्टीकरण दिलं. कोणी तांब्या, कोणी बाळाची झाकणाची बाटली, कोणी शाळेतली वॉटरबॅग. वाळूजला पहिल्या पाळीत काम करणारा एक जण तीननंतर थेट तिथून आला. त्याच्या घरचं पाणी बायकोने भरलं होतं आणि ते घेऊन ती आधीच येऊन बसली होती. तीही प्रोग्रामर निघाली.

मंदाबाईंनी अंगणवाडीतलं मोठं पातेलं आणून दारात ठेवलं होतं, तोंडाला स्वच्छ पांढरं फडकं बांधून. येणारा प्रत्येक जण आपलं पाणी त्यात ओतायचा. मंदाबाई नरसाळ्याने बाटल्या भरत होत्या, मी झाकण लावून देत होते. ज्यांनी आणलं नव्हतं त्यांनाही भरलेलीच मिळाली. सकाळच्या चौतीस जणांना बोलावून त्यांच्याही भरून दिल्या. कोणाच्या बाटलीत कोणत्या घरचं पाणी गेलं ते सांगता येणार नाही.

एक गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. फुकटची वस्तू लोक एका हाताने घेतात. डोळे मोबाइलवर, हात पुढे. माझ्या नोकरीत मी हजारो हात असे पाहिलेत. भरलेली बाटली मात्र प्रत्येकाने दोन्ही हातांनी घेतली. वजन होतं म्हणूनही असेल.

निखिल दुपारी सकाळपेक्षा चांगलं बोलला. प्रश्न इतके आले की सात वाजता मी दिवे लावले. सगळे गेल्यावर मी खाली बसून उरलेल्या बाटल्या मोजल्या. एकोणीस. मग पुन्हा मोजल्या. वर्षा समोर उकिडवी बसून माझ्या बोटांकडे बघत होती. आकडा ऐकल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मला राहवलं नाही. "वर्षा, सभागृह रविवारीही मोकळं होतं. मी तुला खोटं लिहिलं."

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "हॉलचा शिपाई आमच्याच गल्लीत ऱ्हातो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पाहुण्या," ती म्हणाली आणि खोकी उचलायला उठली.

रविवार, परत

रात्री मी त्यांच्याकडेच राहिले. सकाळी अंघोळीला मला अख्खी बादली काढून दिली होती. मी अर्धीच वापरली आणि उरलेली मुकाट्याने दुसऱ्या ड्रममध्ये ओतून आले. मंदाबाईंनी पाहिलं, आणि नंतर धपाट्यावर लोण्याचा गोळा जरा मोठा आला.

निघताना त्यांनी दोन वस्तू दिल्या. एक, उरलेल्या एकोणिसांतली एक बाटली, पातेल्यातल्या शेवटच्या पाण्याने भरलेली. "तुमच्या सायबाला." दुसरा वाटेतल्या शिदोरीचा स्टीलचा डबा, त्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. डब्याच्या झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं: मंदा. आमच्या बाटल्यांवरचं नाव यंत्राने कोरलेलं, एकसारखं. हे हाताने ठोकलेलं, शेवटचं अक्षर जरा वर गेलेलं. डबा बघितला की भाकरी कोणाची ते आठवतं, आमच्या बाटल्या बघून काय आठवत असेल याचा विचार करत मी नगरपर्यंत आले. धपाटे तिथे संपले.

पुणे

सोमवारी साहेबांना आकडा सांगितला. ते खूश झाले, पण खुर्ची मागे रेलून म्हणाले, "माणसं आहेत, मान्य. पण काकू, तिथे पाणी नाही हो."

मी पिशवीतून बाटली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तिथलं पाणी. पाण्याच्या दिवशी घरचं भरून झाल्यावर पाऊणशे घरांनी आणलेलं. तुमच्या बाटल्या रिकाम्या द्यायची त्यांना लाज वाटली, म्हणून." आणि मग, सुरुवात केलीच होती म्हणून, शनिवारची माझी लबाडीही सांगून टाकली. "माझ्यामुळे सकाळी चौतीस होते. तरी दुपारी आले."

साहेबांनी बाटली उचलून तिच्यावरचं कंपनीचं नाव वाचलं. मग झाकण उघडून दोन घोट घेतले आणि ती आपल्याजवळ ठेवून घेतली. "बघतो," एवढंच म्हणाले.

पाच आठवडे काही झालं नाही. मंदाबाईंचा डबा घासून माझ्या ओट्यावर होता. लाडू भरून कुरिअरने पाठवला असता तर सुटले असते. पण त्या डब्यात काय भरून जायला हवं ते मला ठाऊक होतं आणि ते माझ्या हातात नव्हतं. रोज चहा करताना ते वर गेलेलं अक्षर समोर असायचं. वर्षाची पुण्यात हजर व्हायची तारीख जवळ आली. तिचा फोन आला, "काकू, बॅग भरू का?" मी म्हटलं, "दोन दिवस थांब." कशाच्या जोरावर म्हटलं ते मलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. पाच शिक्के आणि चार सह्या झालेला कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "सहाच खुर्च्या आहेत. मोठ्या ऑफिसची स्वप्नं बघू नका म्हणावं. पोस्टाने पाठवू की मेलने?"

"मी नेते," मी म्हणाले.

या खेपेला एसटीने गेले. पडेगावात उतरले तेव्हा गल्लीतली मुलं टँकरच्या नळीशी खेळत होती. वर्षा घरीच होती, पलंगावर अर्धी भरलेली बॅग. मी डबा मंदाबाईंच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडलं. वर ओल्या नारळाच्या वड्या होत्या, खाली प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. त्यांनी कागद लेकीकडे दिला. वर्षाने तो उभ्यानेच वाचला, एकदा, दोनदा, आणि मग बॅगेतले कपडे काढून परत फळीवर ठेवायला लागली. मंदाबाईंना कळायला तेवढं पुरलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. माझेही डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

मग त्यांनी मला पाणी दिलं, पेला काठोकाठ भरून. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

निघताना वड्यांचा डबा रिकामा होऊन, फडक्याने पुसून, पुन्हा माझ्या हातात आला. उघडून बघितलं तर भाजलेले शेंगदाणे.

"अहो, मी तर हा परत करायला आले होते," मी म्हणाले.

"व्हय, पन रिकामा कसा देऊ?" मंदाबाई म्हणाल्या. "जा घेऊन. आनून द्या सावकाशीनं."

शेंगदाणे संपले आहेत. डबा ओट्यावर आहे, आणि आज बाजारातून येताना मी दोन नारळ आणले.